सीपी/एम आणि डॉस: स्टार डॉट टीएक्सटी नेमकं कोणी उलगडायचं?

झेड_ऐंशी (धागाकर्ता)

झेड-८० या जुन्या प्रोसेसरवर चालणारा एक किट-संगणक जोडलाय आणि त्यावर सीपी/एम २.२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टम बसवलीय. हौस, दुसरं काही नाही. हाय-टेक सी हा सी भाषेचा कंपायलर वापरून त्यावर छोटी छोटी हत्यारं लिहितोय. पहिलं हत्यार ओळी मोजणारं. लिनक्सवर जशी एकापुढे एक नावं दिली की प्रत्येक फायलीचा आकडा येतो, तसं.

एकेक नाव दिलं तर झकास चालतं. 'ओळी *.टीएक्सटी' दिलं की म्हणतं, अशी फाइलच नाही. कारण उघड आहे. लिनक्सवर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच बॅश हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तो स्टार, म्हणजे 'इथे काहीही चालेल' ही खूण, सोडवून नावांची यादी त्याच्या हातात ठेवतो. इथला शेल म्हणजे सीसीपी, आणि तो या भानगडीत पडत नाही.

तो करतो ते एवढंच: टाइप केलेली ओळ कॅपिटलमध्ये बदलतो, कमांडच्या पुढचा मजकूर मेमरीत हेक्स ८० या पत्त्यावर ठेवतो (पहिल्या बाइटमध्ये लांबी), आणि पहिली दोन नावं सुटी करून हेक्स ५सी आणि ६सी इथे फाइल कंट्रोल ब्लॉकच्या साच्यात (कोणती फाइल हवी ते ओएसला सांगायचा ठरलेला तक्ता) बसवतो. गंमत अशी की त्या साच्यात स्टार उरतच नाही. नावाला आठ खण, एक्स्टेन्शनला तीन. जिथे स्टार आला तिथपासून त्या भागाचे उरलेले खण प्रश्नचिन्हांनी भरून टाकायचे. म्हणजे आठ प्रश्नचिन्हं आणि पुढे टीएक्सटी. अर्धं काम ओएसने केलं, उरलेलं माझ्या गळ्यात.

आता दोन प्रश्न. हे काम मेन (सी प्रोग्रामचं मुख्य फंक्शन) सुरू व्हायच्या आधी, स्टार्टअप कोडमध्येच आपोआप उरकता येईल का, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला आयती आर्गव्ही (कमांडपुढच्या शब्दांची यादी) मिळेल? आणि सीपी/एम लिहिणाऱ्या गॅरी किल्डॉलने हे सीसीपीतच का नाही घातलं? १९७४ च्या सुमाराला सीपी/एम आकाराला येत होतं, तेव्हा युनिक्स होतं की.

---

हेक्सडंप

पहिल्याचं उत्तर: येईल, आणि तसंच करा. त्यासाठी बीडॉसची (सीपी/एमचा फायली आणि डिस्क सांभाळणारा भाग) दोन फंक्शनं आहेत, १७ म्हणजे सर्च फर्स्ट आणि १८ म्हणजे सर्च नेक्स्ट. प्रोसेसरच्या सी रजिस्टरमध्ये फंक्शनचा आकडा, डीईमध्ये फाइल कंट्रोल ब्लॉकचा पत्ता, मग कॉल ५. सापडलं तर ए रजिस्टरमध्ये ० ते ३ यांपैकी आकडा येतो, नाही सापडलं तर २५५.

० ते ३ च का? डिरेक्टरीतली एक नोंद ३२ बाइटची आणि सीपी/एमचं रेकॉर्ड १२८ बाइटचं, म्हणजे एका रेकॉर्डमध्ये चार नोंदी. बीडॉस ते अख्खं रेकॉर्ड डीएमए बफरमध्ये (डिस्कवरचं वाचलेलं मेमरीत जिथे उतरतं ती जागा) टाकून देतं आणि तुमची नोंद त्यातली कितवी तेवढं सांगतं. एला ३२ ने गुणा, एक बाइट पुढे सरका, तिथून अकरा अक्षरं उचला.

आता खड्डे. सगळ्यात मोठा म्हणजे डीएमए बफरचा ठरलेला पत्तासुद्धा हेक्स ८० च आहे! तुमची कमांड-लाइन जिथे ठेवलीय तिथेच डिरेक्टरी येऊन आदळणार. पहिलाच सर्च फर्स्ट केला की '*.टीएक्सटी' च्या पुढे जे काही लिहिलं होतं ते गेलं. म्हणून आधी ती ओळ दुसरीकडे उतरवून घ्या, किंवा फंक्शन २६ ने डीएमए बफर हलवा. ६सी वरच्या दुसऱ्या नावाचंही तसंच. ते पहिल्या ब्लॉकच्याच पोटात बसलेलं असतं, पहिली फाइल उघडली की त्याच्यावर पोतेरं फिरतं. आधीच उचलून ठेवायचं.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. डिरेक्टरीत कुठपर्यंत आलो याची खूण बीडॉस स्वतःच्या पोटात ठेवतं, आणि खूण एकच असते. एक नाव सापडलं, फाइल उघडली, ओळी मोजल्या, मग सर्च नेक्स्ट मारलं, तर फाइल उघडताना ती खूण हललेली असते. नावं गळतात, किंवा शोध मध्येच संपतो. त्यामुळे सगळी नावं आधी गोळा करायची आणि कामाला नंतर लागायचं. मेमरी फारच टंचाईची असेल तर प्रत्येक वेळी सर्च फर्स्टपासून सुरू करून मागची नावं मोजून सोडायची, पण फ्लॉपीवर हा प्रकार बघवत नाही.

तिसरा: एक्स्टेन्शनच्या पहिल्या दोन अक्षरांचा सर्वांत वरचा बिट म्हणजे 'रीड-ओन्ली' आणि 'सिस्टम' यांच्या खुणा. प्रत्येक अक्षर हेक्स ७एफ ने मास्क करून (वरचा बिट पुसून) घ्या, नाहीतर एखादं नाव दिसायला बरोबर आणि तुलना केली की वेगळं. चौथा: पुसलेल्या फायलींच्या नोंदीचा पहिला बाइट हेक्स ई५ असतो, तो तपासून तशा नोंदी वगळा.

---

ओल्डफ्लॉपी

दुसऱ्या प्रश्नावर माझे दोन पैसे. जरा आकडे मांडू.

सीसीपी सगळं मिळून २ किलोबाइटचं. डिर, ईआरए, रेन, टाइप, सेव्ह, यूझर एवढ्या कमांड त्यातच. बीडॉस साडेतीन किलोबाइटचं. ६४ किलोबाइटच्या (बऱ्याचदा त्याहून कमी) मशीनमध्ये एकेक बाइट मोजून दिलेला, त्यात मोठ्या प्रोग्रामला जागा पुरली नाही तर तो सीसीपीवरच बसणार आणि संपल्यावर वॉर्म बूटने (मशीन बंद न करता सिस्टम पुन्हा सुरू करून) ते डिस्कवरून परत आणायचं. अशा शेलवर आणखी काम कोण लादणार?

पण खरी अडचण मला जागेपेक्षा पोहोचवण्याची वाटते. यादी तयार झाली, तरी ती प्रोग्रामला द्यायची कुठून? हेक्स ८० पासून १२८ बाइटच, त्यातला एक लांबीचा. बारा अक्षरांचं नाव आणि एक स्पेस धरली तर नऊ नावांत खेळ खल्लास. युनिक्समध्ये एक्झेक हा सिस्टम कॉलच नावांची यादी पुढे नेतो. सीपी/एममध्ये तसा काही प्रकारच नाही, प्रोग्राम हेक्स १०० वर आणून ठेवायचा आणि तिथे उडी मारायची.

उलट प्रोग्रामने स्वतः यादी केली तर ती चक्क स्वस्त पडते. आठ इंची सिंगल डेन्सिटी फ्लॉपीवर डिरेक्टरीच्या नोंदी ६४. ड्राइव्हचं अक्षर, कोलन, नाव आणि शेवटचा शून्य मिळून १५ बाइट, पॉइंटरचे २. सतरा चौसष्ट १०८८. म्हणजे डिस्कवरच्या झाडून सगळ्या फायली आल्या तरी अकराशे बाइटच्या आत. तेव्हा धागाकर्त्याने स्टार्टअपमध्ये घालायची कल्पना काढलीय ती जागेच्या हिशोबानेही बरोबर आहे.

आणि किल्डॉलच्या डोळ्यांपुढे युनिक्सपेक्षा डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीची मशीनं जास्त होती. फायली कॉपी करणारं पिप हे नावसुद्धा तिकडूनच आलेलं. तिथेही ज्या प्रोग्रामला वाइल्डकार्ड (स्टार, प्रश्नचिन्ह अशा खुणा) हवं त्याने ते बघायचं, अशीच रीत होती.

---

सदाशिव_शेल

माफ करा, पण हे सगळं समर्थन 'जागा नव्हती' याला तात्त्विक मुलामा देणं आहे.

बेल लॅब्समधलं पहिलं युनिक्स १९७१ चं. तेव्हाचा शेलही इवलासा होता आणि स्टार उलगडायचं काम त्यातही नव्हतं. ते /ईटीसी/ग्लॉब नावाच्या वेगळ्या प्रोग्रामला दिलेलं. शेलला ओळीत स्टार, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस दिसला की तो तुमची कमांड थेट न चालवता ग्लॉबला बोलावायचा. ग्लॉब डिरेक्टरी वाचून नावं लावायचा आणि खरी कमांड तोच चालवायचा. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला तेव्हा हे काम शेलच्या आत गेलं. जागा कमी होती तर त्यांनी काम वेगळ्या फायलीत नेलं, प्रत्येक प्रोग्रामच्या बोकांडी नाही बसवलं.

फायदा बघा. ओळी मोजणाऱ्याला स्टार म्हणजे काय हे माहीतच असायची गरज नाही. नियम एकच, सगळीकडे तोच. सीपी/एम आणि तिच्या धर्तीवर आलेल्या डॉसमध्ये फाइल दाखवणाऱ्या टाइप या कमांडला स्टार चालत नाही, डिरला चालतो, तिसऱ्याच्या प्रोग्रामला चालेल की नाही ते त्याच्या लेखकाच्या त्या दिवशीच्या मूडवर.

---

ओल्डफ्लॉपी

@सदाशिव_शेल, तात्त्विक तर तात्त्विक. डॉसमध्ये नाव बदलणाऱ्या कमांडने 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' लिहिलं की सगळ्या टीएक्सटी फायली बॅक होतात. युनिक्सवर त्याच कामाच्या एमव्हीने 'एमव्ही *.टीएक्सटी *.बॅक' लिहून बघा. शेल पहिला स्टार सोडवतो, दुसरा जुळत नाही म्हणून तसाच ठेवतो, आणि एमव्हीच्या हातात निरर्थक यादी येते. डॉसचा रेन दोन्ही नमुने जसेच्या तसे बघू शकतो म्हणूनच ते जमतं. सीपी/एमचं 'पिप बी:=ए:*.कॉम' सुद्धा त्यातलंच.

दुसरं. सीपी/एममध्ये फायली पुसायला 'ईआरए *.*' दिलं की 'ऑल, वाय ऑर एन' असं विचारतं. युनिक्सच्या पुसणाऱ्या आरएमला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तुम्ही स्टार लिहिला होता हे त्याला कळतच नाही. त्याला दिसतात फक्त नावं. 'आरएम * .ओ' मधल्या त्या एका चुकार स्पेसने किती जणांचं वाटोळं झालंय ते तुम्हीच मोजा. आणि यादी लांबली की 'आर्ग लिस्ट टू लाँग' हे आहेच. सहाव्या आवृत्तीत तर सगळे आर्ग्युमेंट ५१२ बाइटच्या एका बफरमध्ये बसावे लागायचे.

---

ठाणे_१५४१

तुम्ही दोघं भांडा, कमोडोरवाल्यांनी तिसराच मार्ग काढला होता. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला स्टारचा अर्थ माहीतच नाही! लोड "*",८ लिहिलं की तो स्टार जसाच्या तसा केबलवरून ड्राइव्हकडे जातो. १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम आणि रॉममध्ये स्वतःचं डॉस. नमुना जुळवायचं काम तो पेटारा करतो. मशीन चालू केल्या केल्या हे दिलं तर डिस्कवरचा पहिला प्रोग्राम उचलायचा. पुसायचं असलं तरी कमांड चॅनेल १५ वरून 'एस०:टेस्ट*' अशी चिठ्ठी पाठवायची, ड्राइव्ह आपला आपण पुसत बसतो.

स्टारच्या पुढे काही लिहिलंत तर मात्र तिथेही ते वाऱ्यावर.

---

गुरुजी_निवृत्त

१९८४ ला शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प आला त्यात बीबीसी मायक्रो होते. काही मुलांच्या पहिल्या कमांड तिथल्याच. त्याच्या डिस्क फायलिंग सिस्टममध्ये एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह नव्हतं, हॅश होता. आणि स्टार दोन कामांना: ओएसच्या प्रत्येक कमांडच्या आधी स्टार, शिवाय वाइल्डकार्डही स्टार. '*इन्फो *' बघून मुलं विचारायची, सर यातला खरा स्टार कोणता?

पुसायला दोन कमांड. वाइप प्रत्येक फायलीला वेगळं विचारायचं. डिस्ट्रॉय सगळी यादी दाखवून एकदाच विचारायचं, आणि तेही आधी 'एनेबल' दिलं असेल तरच. ओल्डफ्लॉपी म्हणतात तो मुद्दा इथे पटतो. स्टार कमांडच्या हातात असला तर तिला सावध राहता येतं.

---

न्यूजर्सीकर

डॉसबद्दल थोडं सविस्तर, कारण माझी निम्मी नोकरी त्यात गेली.

सिअॅटल कंप्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटरसनने १९८० मध्ये ८६-डॉस लिहिलं ते सीपी/एमचे प्रोग्राम सहज उतरवता यावेत अशा बेताने. म्हणून ५सी, ६सी, ८० हे पत्ते डॉसच्या प्रोग्राम सेगमेंट प्रिफिक्समध्ये (मेमरीत प्रोग्रामच्या आधी बसणारा माहितीचा तुकडा) जसेच्या तसे आहेत. शोधाच्या फंक्शनांचे आकडेसुद्धा तेच, फक्त हेक्समध्ये ११ आणि १२ म्हणतात. १७ आणि १८ च ते. डीएमएचं नाव डीटीए झालं, पण ठरलेला पत्ता पुन्हा ८०. हेक्सडंपनी सांगितलेला पहिला खड्डा वारसाहक्काने मिळाला म्हणा.

दुसरा खड्डा मात्र १९८३ च्या डॉस २.० ने बुजवला. हेक्स ४ई आणि ४एफ ही नवी फंक्शनं आली. त्यात शोध कुठपर्यंत आला याची खूण डॉसच्या पोटात न राहता तुमच्याच डीटीएच्या पहिल्या २१ बाइटांत असते. दोन डीटीए ठेवा, दोन शोध एकाच वेळी चालवा. सब-डिरेक्टऱ्या त्याच आवृत्तीत आल्या, त्यांच्यात खाली उतरत जायचं तर हे लागणारच होतं. तरी शोध चालू असताना फायलींची नावं बदलाल तर बदललेली फाइल पुढे पुन्हा भेटू शकते. यादी आधी, काम नंतर, हा नियम तिथेही पाळावा.

सदाशिवरावांच्या माहितीसाठी, डॉसच्या शेलला स्टार उलगडता येत होता! 'फॉर %एफ इन (*.टीएक्सटी) डू टाइप %एफ' हे कमांड डॉट कॉमच करायचं. टाइपला स्टार चालत नाही म्हणून आम्ही हेच वापरायचो.

आता मूळ विषय, आपोआप उलगडणं. मायक्रोसॉफ्ट सीमध्ये 'सेटआर्गव्ही' नावाची ऑब्जेक्ट फाइल यायची. ती लिंक करताना जोडली की झालं, मूळ प्रोग्रामची एक ओळ बदलायला नको. टर्बो सीमध्ये तेच काम 'वाइल्डआर्ग्स' करायची. आपल्याकडे कॉलेजांच्या किती पिढ्या टर्बो सीवर शिकल्या, पण ही फाइल त्याच डिस्कवर होती हे फार थोड्यांना माहीत. पुढे डीजेजीपीपी या डॉसवरच्या सी कंपायलरने उलटं केलं. तिथे स्टार्टअप कोड न सांगताच उलगडतो, नको असेल तर तुम्ही बंद करायचं.

एक किस्सा. एका ग्राहकाच्या ऑफिसात जुन्या डेटा फायली पुसायच्या होत्या, नावाच्या शेवटी 'ओल्ड' असलेल्या. ऑपरेटरने दिलं 'डेल *ओल्ड.डॅट'. वर झेड_ऐंशीने सांगितलंय तसं, स्टार आला की उरलेले खण प्रश्नचिन्हांनी भरतात. मग 'ओल्ड' ला जागाच कुठे राहिली? डॉसने ते '*.डॅट' असं वाचलं आणि सगळा डेटा पुसला. 'आर यू शुअर' सुद्धा नाही, कारण ते विचारतं फक्त स्टार डॉट स्टारला. बॅकअप फ्लॉप्या होत्या म्हणून निभावलं.

---

सदाशिव_शेल

फॉर मान्य. पण हा किस्सा माझ्याच बाजूचा आहे हो. 'स्टारच्या पुढचं विसरा' हा नियम अकरा खणांच्या साच्यामुळे आला. ग्लॉबला असलं काही साचेबंद नव्हतं, '*ओल्ड.डॅट' तिथे पहिल्यापासून नीट चालायचं.

रेनचं मात्र मान्य. तिथे युनिक्सवर फॉर लूपच लिहावा लागतो.

---

नवशिकी_मीरा

मी इथली सगळ्यात लहान असेन, पण हा प्रश्न मला गेल्याच आठवड्यात पडला होता! माझी पायथन स्क्रिप्ट लिनक्सवर '*.सीएसव्ही' दिलं की चालते. मैत्रिणीच्या विंडोजवर तीच स्क्रिप्ट 'फाइल सापडत नाही' म्हणते. पॉवरशेलमधूनही तेच. हे सीपी/एमचंच भूत का?

---

न्यूजर्सीकर

तेच ते. विंडोजवर अजूनही प्रोग्रामला कमांड-लाइन एक सलग ओळ म्हणून मिळते, तुकडे करायचे आणि स्टार सोडवायचा तो त्याचा त्याने. पॉवरशेलही विंडोजवर बाहेरच्या प्रोग्रामसाठी उलगडत नाही, तेच पॉवरशेल लिनक्सवर मात्र उलगडतं. स्क्रिप्टमध्ये आलेल्या प्रत्येक आर्ग्युमेंटवर ग्लॉब मॉड्यूल चालव, दोन्हीकडे निभेल. मॉड्यूलचं नाव कुठून आलं ते वर आलंच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या आजच्या सी कंपायलरबरोबरही सेटआर्गव्ही येते, बरं का.

---

झेड_ऐंशी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन-तीन रात्री खर्ची घातल्या, त्याचा वृत्तांत.

आधी हाय-टेक सीचं मॅन्युअल नीट वाचलं. कंपाइल करताना -आर दिलं की रीडायरेक्शन आणि वाइल्डकार्ड या दोन्हींचा कोड प्रोग्रामला जोडला जातो. आयतं होतं की! बीडीएस सी या दुसऱ्या कंपायलरमध्येही त्याचा लेखक लिओर झोलमन याने वाइल्डएक्स्प नावाचं फंक्शन दिलेलं दिसलं. मेनच्या पहिल्याच ओळीत आर्गसी (आर्गव्हीतल्या शब्दांची संख्या) आणि आर्गव्हीचे पत्ते त्याला द्यायचे, परत येतं तेव्हा दोन्ही फुगलेले. मला हा प्रकार -आरपेक्षा जास्त आवडला. कोणत्या प्रोग्रामला उलगडून हवं ते सोर्स वाचूनच कळतं.

तरी शिकायला म्हणून स्वतःचं लिहिलं. तीन गोष्टी ठरवाव्या लागल्या, ज्यांचा मी विचारच केला नव्हता.

काहीच जुळलं नाही तर? मी नमुना तसाच पुढे पाठवतो. मग प्रोग्राम 'ही फाइल नाही' म्हणतो तेव्हा स्क्रीनवर नमुनाच दिसतो, आणि काय चुकलं ते कळतं.

क्रम कोणता? डिरेक्टरीत नोंदी ज्या खणात बसल्या त्या क्रमाने नावं येतात. पुसलेल्या फायलीची जागा नवीन फाइल घेते, त्यामुळे भाग३ आधी आणि भाग१ नंतर असं सर्रास होतं. ओळी मोजायला चालेल, फायली एकाला एक जोडायला नाही. यादी अक्षरक्रमाने लावूनच देतो. चौसष्ट नावांना साधा बबल सॉर्टसुद्धा फ्लॉपी फिरायच्या वेळेपुढे काहीच नाही.

आणि खराखुरा स्टार हवा असेल तर? मजकूर शोधणारं हत्यार लिहायला घेतलं आणि अडलो. त्याला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून स्टार असलेला नमुना द्यायचा असतो, तो फायलींची नावं म्हणून उलगडला की बट्ट्याबोळ. युनिक्समध्ये अवतरणचिन्हं शेल बघतो. सीसीपीला ती ठाऊकच नाहीत, म्हणून ती माझ्या स्टार्टअपलाच ओळखावी लागली. अवतरणात असेल ते उलगडायचं नाही. तरी सगळं कॅपिटल होऊन येतं त्याला इलाज नाही, त्यामुळे स्मॉल लिपीतला शब्द शोधायची सोय वेगळी करावी लागेल.

आर्गव्ही शून्य, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या नावाची जागा, मात्र रिकामीच. स्वतःचं नाव काय हे सीपी/एम प्रोग्रामला सांगतच नाही.

---

बिट_बाय_बिट

उशिरा आलो. हेक्सडंप काकांच्या चौथ्या खड्ड्यात दुरुस्ती: साध्या शोधात ई५ तपासायची गरज पडत नाही. नोंदीचा पहिला बाइट म्हणजे यूझर नंबर (फाइल कोणत्या यूझरच्या कप्प्यातली), आणि बीडॉस चालू यूझरच्याच नोंदी जुळवतं. पुसलेली नोंद त्या गाळणीतून येतच नाही. मात्र फाइल कंट्रोल ब्लॉकच्या पहिल्या बाइटमध्ये, जिथे ड्राइव्ह लिहायचा तिथे, प्रश्नचिन्ह ठेवलंत तर चालू ड्राइव्हवरची नमुन्याला जुळणारी प्रत्येक नोंद मिळते. सगळ्या यूझरांची, आणि पुसलेलीसुद्धा. तेव्हा ई५ बघावंच लागतं.

पुसलेली फाइल परत आणणारं हत्यार लिहायचं असेल तर सुरुवात इथून.

---

झेड_ऐंशी (धागाकर्ता)

अरे वा, पुढचं हत्यार मिळालं. याच धाग्यात लिहू का?

---

हेक्सडंप

नवा काढा. आणि आधी डिस्कची एक प्रत करून ठेवा.